शून्याखालचे अंश आणि सावकाराची वही

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीला आपले एक स्क्रॅच कार्ड बाजारातून मागे घ्यावे लागले. खेळ साधा होता. कार्डावर एक तापमान छापलेले असे. खरवडल्यावर त्याहून कमी तापमान निघाले तर बक्षीस. हिवाळ्याचा हंगाम असल्यामुळे बहुतेक आकडे शून्याखालचे होते. कार्डावर उणे ८ असताना ज्यांना उणे ६ किंवा उणे ७ सापडले, ते आनंदाने बक्षीस मागायला गेले. ६ हा आकडा ८ पेक्षा लहान. मग उणे ६ हे उणे ८ पेक्षा कमी कसे नाही, हा त्यांचा प्रश्न होता. तक्रारी इतक्या वाढल्या की खेळ काही दिवसांतच गुंडाळला गेला.

बातमी हसण्यावारी गेली. ती तशी जायला नको होती. कारण त्या कार्डाने नेमके तेच साधन वापरले होते, ज्यावर जगभरच्या शाळांचा सर्वाधिक भरवसा आहे. ऋण संख्या शिकवायची म्हटले की फळ्यावर उभी तापमापी काढली जाते: वर लाल पारा, मध्ये शून्य, खाली उणे. चित्र पाहिले की मुलाला कळले, असे गृहीत धरले जाते. ब्रिटनमध्ये पाणी गोठवणारी थंडी दर हिवाळ्यात अनुभवाला येते, आणि तरीही तिथल्या प्रौढ माणसांना ते चित्र पुरले नाही.

इतिहास पाहिला तर याचे आश्चर्य वाटत नाही. ऋण संख्या तापमापीतून जन्मल्या नाहीत. उलट तापमापी घडवणाऱ्यांनी बराच काळ त्यांच्यापासून पळ काढला. हा धागा त्या पलायनाविषयी आहे, आणि शून्याच्या दोन अगदी वेगळ्या अर्थांविषयी आहे. हे दोन अर्थ एकाच चिन्हाखाली लपतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

प्रथम जन्मकथा. चीनमधील ‘गणितकलेची नऊ प्रकरणे’ या हान काळात सिद्ध झालेल्या ग्रंथाच्या आठव्या प्रकरणात समीकरणे सोडवताना ऋण राशी सर्रास येतात. तिथे एक माणूस गाई आणि मेंढ्या विकून डुकरे विकत घेतो; विक्री एका बाजूची, खरेदी विरुद्ध बाजूची. इ. स. २६३ मध्ये या ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्या लिऊ हुई याने सांगितले की धन राशीसाठी लाल काड्या वापराव्यात आणि ऋण राशीसाठी काळ्या. आजच्या हिशेबात तोटा लाल शाईने लिहितात. तिथे रंग नेमके उलटे होते.

‘ऋण संख्या भारताने शोधल्या’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होणाऱ्यांनी या काड्या लक्षात ठेवाव्यात. भारताचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही, फक्त नेमके होते. इ. स. ६२८ मध्ये भिल्लमाल येथे, म्हणजे आजच्या राजस्थानातील भीनमाळ येथे, तीस वर्षांच्या ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ पूर्ण केला. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य या तिन्ही राशींचे परस्परव्यवहार नियमबद्ध केलेले आहेत. दोन ऋणांची बेरीज ऋण. धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांच्यातील फरक, आणि दोन्ही समान असतील तर शून्य. शून्यातून ऋण वजा केले तर धन. दोन ऋणांचा गुणाकार धन. शून्याला शून्याने भागले तर शून्यच, असेही ब्रह्मगुप्त म्हणतो आणि तिथे तो चुकतो. पण प्रश्न विचारण्याचे धैर्यच आधी त्याच्याकडे होते.

भीनमाळ मारवाडच्या तप्त भागात आहे. बर्फ तिथे कोणाच्या बोलण्यात नसणार. ब्रह्मगुप्ताचे शब्द व्यवहारातले आहेत: धन म्हणजे असलेली संपत्ती, ऋण म्हणजे देणे. येणे आणि देणे सारखे झाले की हिशेब चुकता, बाकी शून्य. हे शून्य म्हणजे दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना भिडून उरलेला निकाल आहे.

मराठी माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, कारण ‘ऋण संख्या’ हा शब्दच कर्जाचा आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी नकार आहे. मराठी शब्दाच्या मुळाशी सावकार आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पुणे-अहमदनगर भागात पसरला, तेव्हा जमावाचा रोख होता सावकारांकडच्या कर्जखतांवर. खते मिळाली की ती जाळली जात. देणे नाहीसे झाले की माणूस तेवढ्याने वर येतो, हे त्या लोकांना कोणी फळ्यावर शिकवले नव्हते. ऋणातून ऋण वजा केले की भर पडते, हा ब्रह्मगुप्ताचा नियम त्या होळीत सरळ दिसतो. आजच्या ‘कर्जमाफी’ या शब्दातही तोच नियम आहे.

तरीही कर्जाचे रूपक सगळीकडे पुरत नाही, आणि ते पहिल्यांदा स्पष्टपणे दिसते भास्कराचार्यांकडे. बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ ग्रंथात वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग, एवढी वानरे गुहेत गेली. एक फांदीवर दिसते. तर एकूण किती? समीकरणाला दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, आणि फांदीवरचे एक. पाचाचे उत्तरही आकड्यांत बरोबर बसते: पाचवा भाग १, वजा ३ म्हणजे उणे २, वर्ग ४, आणि एक. पण भास्कराचार्य दुसरे उत्तर घ्यायला तयार नाहीत. उणे दोन वानरे ही गोष्ट लोकांना पटत नाही, असे त्यांचे म्हणणे.

याच गणितज्ञाने ‘लीलावती’त मात्र एक ऋण उत्तर शांतपणे स्वीकारले आहे. त्रिकोणाच्या दोन बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती? उत्तर येते १५ आणि उणे ६. लंब पायाच्या बाहेर पडतो. उणे ६ म्हणजे विरुद्ध दिशेला ६, असा अर्थ भास्कराचार्य लावतात. कोणाचे कोणाला देणे नाही, काही नाहीसे झालेले नाही. तुकड्याची लांबी पुरती सहा आहे, फक्त मोजणी उलट दिशेने आहे.

तापमापीवरचे उणे या दुसऱ्या घराण्याचे आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ उभारल्याची नोंद त्यात आहे. त्या मठात तापमापी नव्हती, पण तिच्यासाठी लागणारी कल्पना होती.

युरोपात हीच दिशेची कल्पना जॉन वॉलिसने १६८५ मध्ये मांडली: एक माणूस ५ यार्ड पुढे गेला आणि ८ यार्ड मागे आला, तर तो मूळ जागेपासून किती पुढे आहे? उणे ३. अर्थ लागला, पण सर्वांना पटला नाही. १७५० च्या दशकातही फ्रान्सिस मॅझरिससारखा केंब्रिजचा विद्वान ऋण राशींना बीजगणितातून हाकलून देण्यासाठी अख्खा ग्रंथ लिहीत होता.

आता तापमापीकडे. डेन्मार्कच्या ओले रोमरने अठराव्या शतकाच्या आरंभी जी श्रेणी आखली, तिच्यात शून्य मीठ घातलेल्या बर्फाच्या थंडीपाशी होते आणि पाणी गोठत असे साडेसात अंशांवर. १७०८ मध्ये डॅनिएल फॅरनहाइट त्याला भेटला. फॅरनहाइटने १७२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रेणीत शून्य होते बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचे. शुद्ध पाणी गोठण्याचा बिंदू ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान ९६. शून्य इतके खाली ठेवल्यावर पश्चिम युरोपातला नेहमीचा हिवाळा उणे चिन्हाशिवाय लिहिता येतो.

जोसेफ-निकोला दलील हा फ्रेंच ज्योतिर्विद सेंट पीटर्सबर्गला काम करीत होता. रशियातील थंडीपुढे फॅरनहाइटचे शून्यही अपुरे. दलीलने शून्य नेले उकळत्या पाण्यापाशी आणि थंडी वाढेल तसा आकडा वाढवत नेला. त्याच्या श्रेणीत पाणी गोठते १५० वर. आजचे उणे ३० अंश सेल्सिअस त्याच्याकडे १९५ होतात. अँडर्स सेल्सिअसनेही १७४२ मध्ये हेच केले. ज्याच्या नावाने आज शून्याखालचे अंश सांगितले जातात, त्याच्या मूळ श्रेणीत पाणी ० वर उकळत असे आणि १०० वर गोठत असे. उप्सालाच्या हिवाळ्यातले उणे २० तिथे सरळ १२० झाले असते. ही श्रेणी उलटी झाली ती पुढच्या दोन-तीन वर्षांत; लिऑनमध्ये क्रिस्तँ आणि स्वीडनमध्ये लिनियस ही नावे त्यासाठी घेतली जातात. सेल्सिअस स्वतः १७४४ मध्ये वारला.

प्रत्येकाच्या मनातला हेतू आज कोणी शपथेवर सांगू नये. परिणाम मात्र चौघांचा एकच: रोजच्या नोंदवहीत उणे चिन्हाची गरज कमीत कमी.

अपवाद रेओम्यूरचा. या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३० मध्ये शून्य गोठणबिंदूपाशीच ठेवले.

या सगळ्यात सर्वांत बोलकी साक्ष आहे लिओनार्ड ऑयलरची. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात तो सेंट पीटर्सबर्गला होता. दृष्टी जवळजवळ गेलेली. ‘बीजगणिताची संपूर्ण ओळख’ हा ग्रंथ त्याने सांगून लिहवून घेतला. जर्मन आवृत्ती १७७० ची. ज्या शहरात नेवा नदी महिनोन्‌महिने गोठलेली असते आणि ज्या अकादमीत तापमापींचे प्रयोग पिढीभर चालले, तिथे बसून ऑयलर ऋण संख्या कशा समजावतो? जवळ काही नाही आणि वर पन्नास नाण्यांचे देणे आहे, अशा माणसाच्या उदाहरणाने. खिडकीबाहेर शून्याखालची थंडी असताना त्याने सावकाराची वही उघडली. नवशिक्यासाठी लिहिणाऱ्या जगातल्या सर्वांत समर्थ गणितज्ञाची ही निवड शाळेच्या क्रमिक पुस्तकांनी गांभीर्याने घ्यायला हवी.

त्याच अकादमीतून सैबेरियाच्या मोहिमेवर गेलेल्या योहान गेऑर्ग ग्मेलिनची कथा तर अधिक सूचक आहे. १७३४-३५ च्या हिवाळ्यात येनिसेस्क येथे त्याच्या तापमापीतला पारा भयंकर खाली गेला. फॅरनहाइटच्या मापात तो आकडा उणे १२० होतो. युरोपात लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. प्रत्यक्षात नळीतला पाराच गोठला होता आणि गोठताना आकुंचन पावून खाली सरकला होता. १७५९ च्या डिसेंबरमध्ये पीटर्सबर्गला योझेफ ब्राऊनने गोठणमिश्रणात पारा गोठवून दाखवला, तेव्हा कुठे पारा हा गोठणारा धातू आहे हे कळले. नेमका बिंदू सापडला तो हडसनच्या उपसागराकाठी अल्बनी फोर्ट येथे टॉमस हचिन्सने कॅव्हेंडिशच्या सूचनेवरून १७८१ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून: फॅरनहाइटचे उणे ३९ च्या आसपास. उणे ४० वर फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांचे आकडे एक होतात, त्यामुळे हा बिंदू दोन्ही श्रेणींत जवळपास सारखाच वाचला जातो.

ग्मेलिनने आकडा चुकीचा वाचला नव्हता. आकड्यामागे थंडीच राहिली नव्हती. पट्टीवर उणे छापणे सोपे असते. त्या उण्यामागे काय मोजले जात आहे, हे पट्टी सांगत नाही.

आणि इथे दोन शून्यांचा प्रश्न येतो. ब्रह्मगुप्ताचे शून्य हे समान धन-ऋणांच्या बेरजेतून निघते. ते हलवता येत नाही. हिशेब चुकता झाला म्हणजे झाला. तापमापीचे शून्य मात्र गावाबाहेरच्या मैलाच्या दगडासारखे आहे: सर्वांनी मान्य केले म्हणून तिथे रोवलेले. घरातल्या फ्रीजरवर उणे १८ लिहिलेले असते. तेच तापमान फॅरनहाइटमध्ये जवळपास शून्य होते. आत ठेवलेल्या आइस्क्रीमला याची काही खबर नसते. शून्य अंश सेल्सिअसला उष्णता ‘नसते’ असे नाही. ज्याखाली खरोखरच जाता येत नाही असे शून्य आहे उणे २७३.१५ वर. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. तिच्यावर उभ्या असलेल्या केल्विन श्रेणीत रोजच्या तापमानाला उणे चिन्ह लागतच नाही.

म्हणून ‘२० अंशांपेक्षा ४० अंश दुप्पट गरम’ हे विधान निरर्थक आहे. फॅरनहाइटमध्ये हेच आकडे ६८ आणि १०४ होतात, केल्विनमध्ये २९३ आणि ३१३. दुप्पट कुठेच नाही. त्याचप्रमाणे महाबळेश्वरचे तापमान आणि लेहचे तापमान यांची बेरीज करून काही हाती लागत नाही. कर्जांची बेरीज होते. तापमानांची होत नाही. बेरीज होते ती फक्त तापमानातल्या बदलांची.

इतिहासाच्या वाचकांना याच जातीचा एक खड्डा दुसरीकडे परिचयाचा असेल. इसवी सनाच्या मोजणीत शून्यच नाही, इ. स. पूर्व १ नंतर लगेच इ. स. १. व्हर्जिलचा जन्म इ. स. पूर्व ७० चा. त्याची द्विसहस्राब्दी १९३० मध्ये थाटात साजरी झाली, कारण ७० आणि १९३० यांची बेरीज २००० होते. ती एक वर्ष आधी झाली. मधले शून्य नसल्यामुळे खरे २००० वे वर्ष १९३१. तापमापीवर उणे ५ ते ३ हे अंतर ८ भरते, कारण तिथे शून्याला स्वतःची जागा आहे, कालगणनेत इ. स. पूर्व ५ ते इ. स. ३ हे अंतर ७ च वर्षांचे. ज्याला ऋण संख्या ‘समजल्या’, त्याने हा फरक क्षणभर थांबून तपासायला हवा.

तेव्हा तापमापी वर्गातून हद्दपार करावी काय? तसे नाही. तिचा क्रम आणि तिचे काम चुकले आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी शून्याखालची हवा कधी अनुभवलेली नसते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठले की ‘पारा शून्यावर’ अशी बातमी येते. पण गवताचे पाते हवेपेक्षा जास्त थंड होते म्हणून दव गोठते, हवेचे तापमान अनेकदा शून्याच्या काही अंश वरच असते. म्हणजे हाताशी असलेले एकमेव उदाहरणही पुष्कळदा खरे नसते. उलट उधारी, हप्ता, येणे-देणे हे शब्द पाचवीतल्या मुलाच्याही कानावरून रोज जातात. ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी तिथे आधी पक्की व्हावी.

लॉटरीच्या कार्डावरची चूकही तिथेच सुटते. ८ रुपये देणे असलेला माणूस ६ रुपये देणे असलेल्याहून खालच्या स्थितीत आहे, याबद्दल कोणी दुकानात वाद घालणार नाही.

मराठीत या कामासाठी तीन शब्द आहेत, आणि ते सरमिसळ वापरले जातात: ‘वजा’ ही क्रिया, ‘ऋण’ ही देण्याची बाजू आणि ‘उणे’ ही एखाद्या खुणेपासूनची कमतरता. वर्तमानपत्रे तापमानाला ‘उणे’ म्हणतात, ते योग्यच आहे. ‘ऋण पाच अंश’ कानाला खटकते, कारण पाऱ्याने कोणाचे काही देणे लागत नाही. एकाच आडव्या रेघेत दडलेले हे तीन अर्थ वर्गात वेगळे करून सांगता येतात.

तापमापीची खरी ताकद दिसते ती पट्टी वाचताना नव्हे, पारा चढता-उतरता पाहताना. आणि ती नेमकी तिथे उपयोगी पडते, जिथे सावकाराची वही अडखळते. देण्याला देण्याने गुणणे म्हणजे काय, हे कोणत्याही खतावणीत लिहिता येत नाही. पण लेहमध्ये एखाद्या रात्री पारा दर तासाला ३ अंशांनी उतरत आहे असे समजावे, आणि या क्षणी तो उणे ५ वर आहे. बदलाचा दर उणे ३. चार तासांनंतर तो आणखी १२ अंश खाली, उणे १७ वर असेल. चार तासांपूर्वी, म्हणजे वेळ उणे ४ असताना, तो कुठे होता? आतापेक्षा १२ अंश वर, ७ वर. उणे ३ गुणिले उणे ४, बरोबर १२.